चाकावरचा संसार

जुळे सोलापुरातल्या बाईला तंबूत राहायला वेगळं शिकवावं लागत नाही. वर्षानुवर्षं आमच्या नळाला पाणी आलं ते चार-चार, पाच-पाच दिवसांनी. पाण्याच्या दिवशी घरातली एक बाई घड्याळाकडे डोळे लावून बसलेली, पिंपं घासून पालथी घातलेली, पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, धुण्याचं शेवटचं पाणी फरशीला. दोनशे लिटरच्या पिंपात किती माणसांचे किती दिवस निघतात, हे आम्हांला विचारा. कागद-पेन्सिल न घेता सांगू. त्यामुळे माझी मेलबर्नची भाची मला फोनवर सांगू लागली, की त्यांच्या तंबूच्या गाडीत पाणी फार जपून वापरावं लागतं, तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, "अगं, हे तर आम्ही घरीच करतो."

तिची ती गाडी मात्र मला आवडली. मोटारीच्या मागे जोडायची, दोन चाकांची, पेटीसारखी. खाली जाड पाटे, मोठी चाकं, म्हणजे डांबरी सोडून कच्च्या वाटेनं, वाळूतून, ओढ्यातून ओढत नेता यावी. वरचं झाकण उलगडलं की तंबू, मागचा फाळका पाडला की स्वयंपाकघर. नवराबायको वर्षातून दोनदा तिच्यात पंधरा दिवस काढतात आणि उरलेलं वर्षभर तिला ग्रीस लावतात, काहीतरी काढतात, काहीतरी नवीन बसवतात. तिनं फोटो पाठवले, मी ते थोरल्या जाऊबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर आपली ट्रॉली. रंग तेवढा चांगला दिलाय."

आता ही 'आपली ट्रॉली' म्हणजे काय, ते सांगते. पण त्याआधी आमचा भाग डोळ्यांसमोर आणा. सोलापूर शहराच्या दक्षिणेला विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधे ही वस्ती वाढली. बंगल्या, अपार्टमेंटं, मंगल कार्यालयं, शाळा, सगळं शहरी. नावच जुळं सोलापूर, म्हणजे मूळ शहराचं भावंड. पण दिवाळी झाली की आमच्या शहरीपणाला उसाचा वास येतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यांकडे जाऊ लागतो. जवळच कुमठ्याला सिद्धेश्वर कारखाना. त्याची वीजनिर्मितीची उंच चिमणी गच्चीवरून दिसायची. विमानतळाला अडथळा म्हणून १५ जून २०२३ ला ती पाडली, तेव्हा अर्धं सोलापूर गच्चीवर होतं.

या उसाबरोबर येतात तोडणीवाले. बीडकडून, आणखी कुठून कुठून. ट्रकनं, ट्रॅक्टरनं सगळा संसार येतो. नवराबायकोच्या जोडीला तिथं 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावानं, हे मला कधी पटलं नाही. पण ते असो. ज्यांच्याकडे बैल असतात त्यांना कारखान्याकडून टायरगाडी भाड्यानं मिळते. पहाटे त्या गाडीतून बाई फडावर जाते, दुपारी उसाच्या मोळ्यांवर बसून कारखान्याच्या रांगेत थांबते, मुक्काम हलला की त्याच गाडीवर तिची ट्रंक, पीठाचा डबा, वळकटी, पायाला दोरी बांधलेली कोंबडी आणि मांडीवर लेकरू. रात्री पाचटाच्या कोपीत चूल.

एकदा होटगी रस्त्याच्या कडेला अशीच एक बाई गाडी भरत होती, म्हणून मी थांबून बघत राहिले. आधी कोपीचे बांबू गेले, मग वळकट्या, मग डबे. सर्वांत शेवटी, अगदी हाताशी, तवा, काटवट, पिठाचा डबा आणि काड्यापेटी. मी विचारलं, "हे वर का?" ती म्हणाली, "उतरल्या उतरल्या पोरं भाकरीच मागत्यात की." प्रवासाला निघताना आपण काय करतो आठवा. जे हाताला आधी येईल ते आधी भरतो, आणि मुक्कामावर टॉवेलसाठी सगळी बॅग उपसतो. जे आधी लागणार ते शेवटी भरायचं, हे मी त्या बाईकडून घेतलं, आणि आमच्या ट्रॉलीत आजही तसंच भरलं जातं.

तर आमची ट्रॉली. सासर दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमेकडच्या अंगाला. घरचा ट्रॅक्टर, घरची दोन चाकी ट्रॉली. हंगामात ती ऊस ओढते, हंगाम संपला की शेणखत, मग बी-बियाणं, आणि पेरणी आटोपली की आषाढात मोकळी. तेव्हा ती धुऊन-पुसून पंढरीला निघते. वर लोखंडी नळीच्या पाच कमानी, त्यांवर ताडपत्री, आत गाद्या, खाली पिंप. पंढरपूरच्या आषाढीला तुम्ही गेला असाल, तर अशा शेकडो ट्रॉल्या पाहिल्या असतील. पुण्यामुंबईकडच्या बायकांना वाटतं, ही गरिबांची सोय. तसं नाही. लॉजमध्ये खोली मिळत नाही म्हणून नव्हे. आपलं अंथरूण, आपली चूल आणि आपली माणसं एका जागी राहतात, म्हणून ट्रॉली.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा वर्तमानपत्रातली चित्रं बघून आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता सुचलं होय ह्यांना?"

ट्रॉलीत राहायचं तर आधी ती समजून घ्यायला हवी. हे पुरुषांचं काम, असं म्हणून सोडू नका. तिच्यात पोरंबाळं निजणार आहेत. दोन चाकी ट्रॉलीचं बहुतेक वजन चाकांवर असतं, आणि थोडं पुढच्या दांडीवरून ट्रॅक्टरच्या हुकावर. ट्रॅक्टर सोडला की पुढं लोखंडी टेकू लावावा लागतो. टेकू लावला म्हणजे झालं, असंही नाही. सगळ्या बायका मागच्या बाजूला गप्पा मारत बसल्या, तर पुढचं तोंड वर उचलतं आणि सगळा संसार मागं घसरतो. म्हणून आमच्याकडे मागच्या कडेखालीही दोन जाड लाकडी ठोकळे असतात, आणि चारही बाजूंनी चाकांना दगड. खाली, दोन चाकांच्या मधे, सावली छान पडते. पोरं तिथं खेळायला, पुरुष झोपायला जातात. आमच्याकडे त्याला सक्त मनाई आहे. ओल्या रानात टेकू केव्हा रुतेल, सांगता येत नाही.

सामान भरतानाही हेच. भरलेलं दोनशे लिटरचं पिंप म्हणजे दोनशे किलो, वर पिंपाचं वजन. ते सोयीचं म्हणून मागच्या टोकाला ठेवलं तर रस्त्यावर ट्रॉली शेपूट हलवू लागते आणि ट्रॅक्टरवाल्याचे हात भरून येतात. पिंप चाकांच्या बरोबर वर, किंचित पुढं. धान्याची पोती, गॅस, भांड्यांची पेटी त्याच्या भोवती. हलकं सगळं, म्हणजे गाद्या, चादरी, कपड्यांची गाठोडी, कडेला आणि मागं.

निघण्याच्या आधी आठ दिवस ट्रॉली मिस्त्रीकडे जाते. चाकाच्या मधल्या डब्यात बेअरिंग असतात, ती उघडून जुनं ग्रीस धुऊन नवं भरायचं. उसाच्या फडातली माती आणि कारखान्याच्या रांगेतला चिखल तिथं शिरतो, आणि मग कुरकुर ऐकू येते. पाट्यांच्या पानांना चीर आहे का, हुकाची पिन झिजली आहे का, तिला अडकवायची कडी जागेवर आहे का, हे डोळ्यांनी बघायचं. यात शिक्षण लागत नाही. वाटेत पहिल्या मुक्कामाला उतरलं की चाकाच्या मधल्या डब्याला हाताची पाठ लावायची. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर पुढं जायचं नाही. भाचीचा नवरा ऑस्ट्रेलियात अगदी हेच करतो म्हणे. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि आमच्या ट्रॅक्टरवाल्याचंही, ज्याला हे कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं.

आता ताडपत्री. दोन जाती असतात. जाड कापडी आणि निळी-पिवळी प्लॅस्टिकची. प्लॅस्टिकची हलकी, स्वस्त, भिजली तरी जड होत नाही. पण दोन उन्हाळ्यांत कडक होऊन घडीवर फाटते, आणि आत घाम धरते. पहाटे अंथरुणावर थेंब पडतात, लोकांना वाटतं पाऊस गळतोय. कापडीत श्वास घेता येतो, वाऱ्यात फडफडत नाही, पण भिजली की दोघांना उचलत नाही. आमची कापडी आहे. फक्त पाऊस फार असेल तर वरून प्लॅस्टिक. आणखी एक. आतून तिला बोट टेकवायचं नाही, कपडे टांगायचे नाहीत. जिथं स्पर्श झाला तिथूनच पाणी झिरपू लागतं. हे पोरांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

गेल्या काही वर्षांत आम्ही बायकांनी ट्रॉलीत बऱ्याच सुधारणा करून घेतल्या. पूर्वी चढायला चाकावर पाय देऊन, फाळक्याला धरून वर जावं लागे. नऊवारीत ते दिव्यच. आता वेल्डिंगवाल्याकडून तीन पायऱ्यांची शिडी करून घेतली आहे, एका बाजूला हात धरायला नळी. फाळक्याला अडकवायची, निघताना काढून आत टाकायची. भाची एका आषाढात इकडे आली होती. तिनं मागचा फाळका आडवा, टेबलासारखा राहील अशा दोन साखळ्या लावून घेतल्या. झालं स्वयंपाकघर! उभ्यानं पोळ्या लाटता येतात, धूर बाहेरच्या बाहेर जातो, आणि गॅस ताडपत्रीखाली येत नाही. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देते. पाऊस आहे, गारठा आहे म्हणून बंद ताडपत्रीत शेगडी घेऊन बसणं म्हणजे जिवाशी खेळ. आगीचं तर आहेच, पण कोळशाच्या विषारी वायूला वासही नसतो. पाऊस आला तर कडक भाकरी खा, पण चूल आत नको.

आणि कडक भाकरी तर आमची हक्काची. ज्वारीची, पापडासारखी वाळलेली, महिनाभर टिकते. शेंगाची चटणी, दही मिळालं तर दही, नाहीतर कच्चं तेल. वाटेवरचं एक जेवण असं होतं. सोबत हुलग्याचं पीठ असतं, गारठ्यात माडग्यासाठी. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. तेवढ्या दिवशी निम्मे डबे उघडतच नाहीत.

अंथरुणाला सोलापुरी चादरी, हे सांगायला नको. दोन खाली, एक वर. लवकर वाळतात, आणि हरवल्या तर नक्षीवरून ओळखू येतात.

बायकांची खरी अडचण न्हाणीची, हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. चार नळ्या, त्यांना भोवती जाड कापड, वर मोकळं, खाली फळी. ट्रॉलीच्या एका बाजूला आकड्यांनी अडकवली की पाच मिनिटांत उभी. पाणी पिंपाच्या तोटीतून बादलीत. पाळीच्या दिवसांत मुली यायला तयार नसायच्या, त्या आता येतात. शौचासाठी पालख्यांच्या तळांवर, पंढरपुरात सरकारी सोय होते. तरी रात्रीचं एकटीनं जायचं नाही, दोघींनी मिळून, विजेरी घेऊन.

पण सर्वांत मोठी सुधारणा लोखंडाची नाही. पूर्वी आमच्या घरची ट्रॉली रात्री निघायची. दिवसा ऊन, गर्दी; रात्री निघालं की पहाटे चंद्रभागेवर. पंधरा-सतरा माणसं आत, गाद्यांवर, पोत्यांवर, भजनं म्हणत. पाठीमागे अंधार. ऊस वाहून वाहून ट्रॉलीची मागच्या दिव्याची वायर तुटलेली, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले. विजापूर रस्त्यावरून रात्री गाडीनं आलेल्या कुणालाही विचारा, पुढं उसाची ट्रॉली आहे हे किती जवळ गेल्यावर कळतं.

३१ ऑक्टोबर २०२२ ला संध्याकाळी आपल्याच जिल्ह्यात, सांगोल्याजवळ जुनोनीला, कोल्हापूरकडून कार्तिकीला पायी निघालेल्या दिंडीत मागून मोटार घुसली. सात वारकरी गेले. ती दिंडी चालत होती, ट्रॉलीत नव्हती. पण थोरल्या जाऊबाईंनी बातमी वाचली, पेपराची घडी घातली, आणि म्हणाल्या, "यापुढं मी रात्रीची ट्रॉलीत बसणार नाही. आणि नातवंडांना दिवसाही बसवणार नाही."

घरात वादळ उठलं. कायद्यानं मालवाहू ट्रॉलीत माणसं नेता येत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण वारीला कोण कायदा बघतं, अशी समजूत. दीर म्हणाले, इतकी वर्षं काही झालं नाही. सासूबाई तर बोलेनात. त्यांची वारी लग्नानंतर बैलगाडीतून सुरू झालेली. लोखंडी धावांची गाडी, कण्याला वंगण, दोन दिवसांची वाट, रात्री बैल सोडून झाडाखाली मुक्काम. एस.टी.त बसून पंढरपूरला जाणं ही त्यांच्या लेखी वारीच नव्हती. "घर सोडून घरात बसायचं, तीच तर मजा," असं त्या म्हणत. हे मला खोटं वाटत नव्हतं. ट्रॉली हलत असताना, कमानीखाली, सगळ्या एकत्र गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, हे सुख मीही घेतलेलं आहे.

जाऊबाई भांडल्या नाहीत. चार दिवसांनी, शेंगा निवडता निवडता त्यांनी एवढंच विचारलं, "आत्या, तुमच्या गाडीखाली कंदील असायचा ना?" सासूबाई म्हणाल्या, "असायचा की. कण्याला टांगलेला. मामंजी कंदील लावल्याबिगर चाक हलवायचे नाहीत." मग जरा वेळानं स्वतःच म्हणाल्या, "आणि रात्री आम्ही चालायचो कुठं? मुक्काम करायचो."

तेव्हापासून आमच्या घरची रीत अशी: ट्रॉली उजेडात निघते, तिच्यात फक्त सामान. मागं दोन दिवे चालू, वायर नवी, लाल चकाकती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि निघताना ती पट्टी ओल्या फडक्यानं पुसायचं काम धाकट्या नातीचं. माणसं एस.टी.नं. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, आणि सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना त्याच्या आदल्या वर्षापासूनच तिकीट नाही. पहिल्यांदा कंडक्टरनं पैसे घेतले नाहीत, तेव्हा त्यांनी त्याला बळेच एक पेढा दिला.

ट्रॉली आदल्या दिवशी गावाहून आमच्या दारात येऊन थांबते, कारण निम्मं सामान इथं असतं. गल्लीतली मुलं तिच्यावर चढउतार करतात, शेजारणी बुक्का आणि तुळशीमाळ आणायला पैसे देतात. पहाटे ती सुटते. आम्ही आठच्या सुमाराला निघतो. तिऱ्ह्याला सीना ओलांडायची, मग कामती, मग बेगमपूर, आणि भीमेच्या पुलावरून पलीकडे माचणूर. सोलापूरपासून सुमारे चाळीस किलोमीटर. इथं आम्ही उतरतो, कारण इथं आमचं घर आधीच येऊन उभं असतं.

माचणूरला तुम्ही गेला नसाल तर अवश्य जा. नदीकाठी सिद्धेश्वराचं दगडी देऊळ, खाली पायऱ्यापायऱ्यांचा घाट, आणि शेजारी मातीत उतरत चाललेला किल्ला. पंढरपूरची चंद्रभागा इथं भीमा होऊन वाहत येते. औरंगजेब बादशहाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं इथं, ब्रह्मपुरीला, पडून होती. बादशहा म्हातारा, दिल्ली सोडून कित्येक वर्षं झालेली, आणि सगळा दरबार तंबूत. आमचे हे इतिहासाचे शिक्षक होते. ते दरवर्षी घाटावर बसून सांगतात, की मोगल बादशहा निघाला की त्याचे तंबू दोन जोड असत. एका जोडात बादशहा राहायचा, दुसरा जोड एक मुक्काम पुढं जाऊन उभा राहायचा. त्याला म्हणायचे पेशखाना. बादशहा कधी उघड्यावर उतरला नाही. "आपलंही तेच चाललंय," हे म्हणतात. "ट्रॉली म्हणजे आपला पेशखाना." दिंड्यांचे ट्रकसुद्धा असेच पुढं जाऊन राहुट्या ठोकतात, आणि वारकरी पोचेपर्यंत आधण चढलेलं असतं.

सासूबाईंनी पहिल्या वर्षी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढे तंबू हिंडवून त्या बादशहाला विठोबा दिसला का?"

माचणूरला कडक भाकरीचं जेवण होतं, चाकाच्या डब्याला हात लावून होतो, दोर ताणून होतात. मग ट्रॉली पुढं, आम्ही मागून. मंगळवेढ्याला बस थांबते. दामाजीपंतांचं आणि चोखोबांचं गाव. वेशीचं बांधकाम करताना कोसळून चोखोबा गेले ते इथंच. इथली काळी जमीन बघून घ्या, मालदांडी ज्वारी पिकते ती हिच्यात. ही जमीन आषाढात काय करते, ते पुढं कळेलच.

गोपाळपूरच्या अलीकडे, ओळखीच्यांच्या रानात आमचा मुक्काम असतो. पूर्वी लोक थेट चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या टाकत. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते थांबलं आणि पलीकडच्या तीरावर '६५ एकर' म्हणून तळ तयार झाला. दिंड्यांना तिथं जागा देतात. वाळवंटात मुक्काम बंद झाला हे बरंच झालं. नदीची घाण कमी झाली, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडलं की काय होतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना विचारा.

रानात ट्रॉली लावायची म्हणजे नुसती उभी करायची नव्हे. काळी माती वरून कोरडी दिसते आणि एका सरीत लोण्यासारखी होते. चाक एक फिरलं की चार बोटं माती घेऊन फिरतं, दुसऱ्यांदा फिरलं की चाक दिसतच नाही. म्हणून सखल जागा घ्यायची नाही, कितीही सावली असो. ट्रॉलीचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे निघताना वळवावी लागत नाही. चाकांखाली आधीच पाचट टाकून ठेवायचं. रुतल्यावर टाकून उपयोग नसतो. आणि पाऊस येण्याआधी भोवती वीतभर खोल चर, उताराकडे काढून दिलेला. हा चर खणायला पुरुष कंटाळतात. एका वर्षी शेजारच्या ट्रॉलीवाल्यांनी खणला नव्हता. रात्री दोन वाजता त्यांच्या गाद्या आमच्या कमानीखाली आल्या आणि चोवीस माणसं सतरांच्या जागेत निजली. कुणाची तक्रार नव्हती. पण चर खणावा.

संध्याकाळी मात्र बघण्यासारखं असतं. ताडपत्रीची एक बाजू वर उचलून दोन बांबूंवर ताणली की पडवी तयार. जुन्या बॅटरीवर चार छोटे दिवे. फाळक्यावर पिठलं रटरटतंय, पलीकडच्या ट्रॉलीतून कुणीतरी मीठ मागायला आलंय, त्यांच्याकडून हिरव्या मिरच्या आल्या, लातूरकडच्या बायकांनी आपली चटणी दिली. लांबून टाळ ऐकू येतात, थांबतात, पुन्हा दुसरीकडून येतात. सासूबाई शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गाव विचारत असतात. एस.टी.नं येऊनही वारी होते का, असं मी त्यांना अजून विचारलेलं नाही, आणि त्यांनीही सांगितलेलं नाही. पण शिडीची नळी जरा उंच करून घ्या, असं त्यांनी गेल्या खेपेला सुचवलं.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की परत. ट्रॉली रिकामी करून पहिल्यांदा पिंप पालथं घालायचं, तोटी उघडी ठेवायची. मग चाकांची माती, ओली असतानाच. वाळली की छिन्नी लागते. ताडपत्री ओली घडी घातली तर पंधरा दिवसांत काळे ठिपके पडतात आणि तो वास पुढच्या वर्षीपर्यंत जात नाही. आषाढात दोन सलग ऊनं मिळणं कठीण, म्हणून ती आमच्या जुळे सोलापूरच्या गच्चीवर येते. कठड्यावरून लांबलचक सोडायची, दुपारी उलटायची, रात्री जिन्यात ओढायची. कधी कधी पाच-सहा दिवस लागतात. पूर्ण वाळली की कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळी करायची, घडी नाही; घडीवरच ती आधी फाटते. कमानी माळ्यावर, शिडी गॅलरीत, न्हाणीचं कापड धुऊन ट्रंकेत.

मागच्या दिव्यांची वायर मात्र आम्ही काढत नाही. दिवाळीनंतर ट्रॉली उसाला लागते, आणि तेव्हाही तिच्या मागून कुणाची तरी माणसं येत असतात.